पळाले, असं सगळे म्हणाले

"ही लोकं असलीच असतात," हे वाक्य तुम्ही शेवटचं कधी उच्चारलंत? आज सकाळी, की काल? "मी असं बोलत नाही" हे उत्तर देऊ नका. रोह्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याच्या गेटवर मी सहा वर्षं काढली. त्या गेटमधून मालक गेले, इंजिनिअर गेले, कामगार गेले, पुढारी गेले, पूजा सांगायला आलेले गुरुजीही गेले. हे वाक्य कधीच न बोललेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

मी टाइमकीपर होते. कारखान्याची नव्हे, ठेकेदाराची. बाहेरच्या माणसाला हा फरक कळत नाही, म्हणून सांगते. कारखान्यात कायम नोकरीवरची माणसं थोडी असतात. बाकीची सगळी ठेकेदार पुरवतो. प्लांटमधून फोन येतो, "उद्या पहिल्या शिफ्टला दहा हेल्पर द्या," आणि ठेकेदार दहा हेल्पर देतो, जशी दुकानदाराने दहा पोती द्यावीत. टाइमकीपरने गेटजवळच्या पत्र्याच्या केबिनमध्ये बसून त्यांची हजेरी घ्यायची, गेटपास द्यायचा, हेल्मेट आणि बूट आहेत का बघायचं. सकाळी आत गेलेला माणूस संध्याकाळी बाहेर आला की नाही, हेही मी बघायचे. हे काम मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच लावून घेतलं होतं.

त्याला कारण आमचं घर. गडबला हायवेच्या आतल्या बाजूला आमचं घर आहे. बाबा एका कामगार संघटनेचे जुने कार्यकर्ते. घरात देवघरापेक्षा पत्रकांचे गठ्ठे मोठे. मी अक्षरं गिरवली ती पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर, आणि वाचायला शिकले ते पुढच्या बाजूवर. त्यामुळे आजही माझ्या लिहिण्यात उद्गारचिन्हं जास्त येतात. संपादकांनी खोडली तर खोडोत. त्या पत्रकांच्या जगात जाती दोनच होत्या, राबणारे आणि राबवून घेणारे. मी गेटवर बसले ते हे जग डोक्यात घेऊन. पहिल्याच आठवड्यात कळलं की गेटवर 'कामगार' नावाचा कोणी येतच नाही. येतात ते लोकल, कातकरी, बिहारी, पेणच्या बाया, रोह्याची पोरं.

आमचा ठेकेदार विलासशेठ. पेणचा. त्याला राक्षस म्हणता आलं असतं तर हा लेख लिहायला सोपा गेला असता. पण तो पोरांच्या लग्नाला जायचा, कोणाची आई आजारी पडली तर स्वतःची गाडी द्यायचा. मात्र माणसं निवडताना त्याच्या डोक्यात किराणा दुकानासारख्या बरण्या होत्या. प्रत्येक बरणीवर चिठ्ठी. पोती उचलायला बिहारी, कारण मेहनती. गटार-गाळ काढायला कातकरी, कारण त्यांना वासाचं काही वाटत नाही. लोकल शक्यतो नको, तो लगेच पुढाऱ्याला फोन लावतो. पॅकिंगला पेणच्या बाया, कारण गणपतीच्या कारखान्यात काम करून त्यांचे हात हलके असतात.

या शेवटच्या बरणीतून त्याने सुषमाला काढलं. पेण तालुक्यातली, दणकट, कपाळावर मोठं कुंकू. तिला बाटल्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं. लेबलं अशी तिरकी लागली की मालाची गाडीच्या गाडी परत आली. शेठ गेटवर येऊन ओरडला, "पेणची ना गो तू? मूर्तीचे डोळे काढणाऱ्यांच्या गावची, आणि एक लेबल सरळ लागत नाही?"

सुषमा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी कवा गणपतीला हात लावलाय, शेठ? आमी मिठागरावरचे. मना गोनी सांग उचलाया, तुज्यासकट उचलीन!"

सगळं गेट हसलं. शेठही हसला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "ही अपवाद आहे."

हा शब्द त्याच्या फार आवडीचा. मी एकदा विचारलं, "शेठ, गडबची माणसं कशी?"

"भांडकुदळ. हायवेवर राहून राहून डोकं गरम. पण तू अपवाद."

त्याचा ड्रायव्हर इस्माईल अपवाद. त्याच्या घरी भांडी घासणारी बाई अपवाद. म्हणजे ज्याचं नाव शेठला ठाऊक होतं तो प्रत्येक माणूस अपवाद, आणि नियम उरला होता तो फक्त नाव ठाऊक नसलेल्यांसाठी. मला तेव्हा याची गंमत वाटायची. घरी जेवताना बाबांना मी हे किस्से रंगवून सांगायचे.

गंमत संपली ती शटडाउनमध्ये.

शटडाउन म्हणजे वर्षातून एकदा प्लांट बंद करून केलेली साफसफाई आणि दुरुस्ती. त्यात सगळ्यात घाण काम सांडपाण्याच्या टाकीचं. जमिनीत खोल बांधलेली टाकी, वरून माणूस जाईल एवढंच तोंड. वर्षभराचा गाळ तळाशी बसतो. तो माणसाने आत उतरून बादलीने काढायचा. या गाळातून विषारी वायू निघतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचून राहतो. त्यासाठी नियम आहेत आणि चांगले आहेत. आधी यंत्राने आतली हवा तपासायची, पंख्याने ताजी हवा सोडायची, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा, वर एक माणूस सतत उभा ठेवायचा. हे नियम टाकीच्या शेजारीच पाटीवर रंगवलेले होते. पाटी छान होती.

त्या वर्षी टाकीला कासूजवळच्या वाडीवरची कातकरी मंडळी आली. लक्ष्मण हिलम, त्याची बायको जनी आणि त्यांच्या नात्यातले चारपाच जण. लक्ष्मण आत उतरला, बाकीचे वरून बादल्या ओढत होते. हवा कोणी तपासली नाही. थोड्या वेळाने जनीची किंकाळी गेटपर्यंत आली. मी धावत गेले तोवर मंडळींनी लक्ष्मणला दोराने ओढून वर काढलं होतं. तो भिंतीशी पडून ओकत होता, डोळे लाल, पाय लटपटत होते. प्लांटचे साहेब नाकाला रुमाल लावून उभे होते. गेटवरचा वॉचमन नामाकाकाही आला होता.

साहेब म्हणाले, "सकाळी सकाळीच लावून आलाय."

"तो पीत नाय, साह्येब!" जनी ओरडली. "त्याचा बाप पिऊन मेला, तवापासून त्यानं हात लावला नाय. इचारा कुनालाबी!"

"हो हो. तुमच्यात कोणीच पीत नाही."

हशा पिकला. मी लक्ष्मणच्या तोंडाजवळ वाकले. दारूचा वास नव्हता. कपड्यांना सडक्या अंड्यांचा वास येत होता.

"साहेब, हा दारूचा वास नाही," मी म्हणाले.

"तुम्हाला बराच अनुभव दिसतोय, मॅडम."

पुन्हा हशा. नामाकाकाही हसले, मग माझ्याकडे बघून गप्प झाले. लक्ष्मणला कोणी दवाखान्यात नेलं नाही. प्यायलेल्या माणसाला कोण दवाखान्यात नेतं? जनीने त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि मंडळी त्याला धरून घेऊन गेली. जाताना ती मला म्हणाली, "ताय, त्या टाकीत कायतरी हाय. आमी नाय आता येनार. तुमी दुसऱ्याबी कुनाला धाडू नका."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मी शेठला फोन केला.

"पळाले ना?" तो म्हणाला. "मी सांगतच होतो. कातकरी टिकत नाही गो. दोन दिवस आला की तिसऱ्या दिवशी गेला खेकडे पकडायला."

"शेठ, टाकीत गॅस आहे. लक्ष्मण पडला ना काल."

"पिऊन पडला. साहेबांचा फोन आला होता मला."

मी साहेबांकडे गेले. हवा तपासा, असं मी सांगितलं. ते म्हणाले, "माणसं पळाली म्हणून गॅस असतो का? कातकऱ्यांचा काहीतरी सण असेल." मी शिफ्ट सुपरवायझरकडे गेले, तो म्हणाला पळाले. कँटीनवाला म्हणाला पळाले. शिफ्टला आलेल्या पॅकिंगच्या बाया म्हणाल्या, "पलाले ना? त्यांचं तसंच असतंय." सहासात माणसांनी एका टाकीचा धोका ओळखला, एकमेकांत ठरवलं आणि काम नाकारलं. आमच्या पत्रकांच्या भाषेत याला संप म्हणतात! एखाद्या संघटनेने हेच केलं असतं तर चर्चेला साहेब खाली उतरले असते. कातकऱ्यांनी केलं, म्हणून ते पळून जाणं झालं. कारण विचारायचीच गरज उरली नाही. कारण सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

त्या दिवशी शेठने बिहारी पोरं पाठवली. "हे बघ," तो फोनवर म्हणाला, "ही लोकं नाही म्हणत नाहीत. सोनं आहेत सोनं."

त्या पोरांत रामप्रवेश होता. बारीक मिशी, सदा हसरा, मला दीदी म्हणायचा. मी त्याला गेटवर थांबवलं. काल काय झालं ते सगळं सांगितलं. "मत उतरो," मी म्हणाले.

तो हेल्मेटचा पट्टा लावत होता. म्हणाला, "दीदी, हम लोग मना करेंगे तो फिर हम को कौन बुलाएगा? सब बोलते हैं ना, बिहारी मेहनती है, मना नहीं करता. उसी नाम की रोटी है."

यावर पत्रकात उत्तर नव्हतं. शिवी दिली तर माणूस उलटून बोलू शकतो. स्तुतीला उलटून काय बोलणार? कातकऱ्याला आळशी म्हणून ठेवलं होतं, म्हणून त्याचं नाही कोणी ऐकलं नाही. बिहाऱ्याला मेहनती म्हणून ठेवलं होतं, म्हणून त्याला नाही म्हणताच आलं नाही. चिठ्ठी गोड असो की कडू, बरणीचं झाकण सारखंच घट्ट.

रामप्रवेश उतरला आणि पडला. या वेळी दोरही नव्हता. त्याला काढायला गेलेला दुसरा पोरगा अर्ध्या शिडीवरून गुदमरत परत आला. आगीच्या वेळी वापरायचा मुखवटा शोधून कोणीतरी आत जाईपर्यंत बराच वेळ गेला. रामप्रवेश वाचला. आधी रोह्याला, मग तिथून मुंबईला हलवला. मी बघायला गेले तेव्हा पाण्याचा ग्लास त्याच्या हातात राहत नव्हता, आणि मला दीदी म्हणायचं की काय हे त्याला आठवत नव्हतं.

शेठ माझ्यासोबत होता. त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. बाहेर आल्यावर म्हणाला, "बिहारी म्हणून वाचला बघ. चिवट जात. दुसरा असता तर गेला असता."

मी त्याच्या गाडीत बसले नाही, एसटीने घरी आले.

चौकशी लागली. सरकारी साहेब येणार होते. कारखान्याचं म्हणणं तयार होतं, पोरगं परवानगी न घेता, आगाऊपणा करून उतरलं. टाकी धोक्याची आहे याची कोणालाच कल्पना नव्हती. हे खोटं पाडायला एकच गोष्ट पुरे होती. आदल्या दिवशी त्याच टाकीत एक माणूस दारू न पिता पडला होता, आणि ते प्लांटच्या साहेबांनी पाहिलं होतं. हे सिद्ध झालं असतं तर टाकीवर बंदी आली असती, पुन्हा माणूस उतरवायची सोय राहिली नसती. मला तेवढंच हवं होतं.

मी स्कूटी काढून कासूच्या वाडीवर गेले. लक्ष्मण अंगणात बसला होता. त्याचं डोकं अजून दुखत होतं. वाडीवरची बाकीची मंडळी मात्र कामावर होती, हायवेच्या कामावर खडी टाकत होती. टिकत नाहीत म्हणे.

"मी सांगन, ताय," लक्ष्मण म्हणाला. "पन मी तर पिलेला व्हतो ना? माजं कोन ऐकनार?"

जनी आतून पाणी घेऊन आली. म्हणाली, "आमी का गेलो ते इचाराया आलेल्या तुमी पयल्याच. कंपनीतला कोन नाय आला. शेट नाय आला. त्यांनी एक फोन केला असता, तरी सांगितलं असतं. त्या परदेशी पोराला तरी कोनी उतरवलं नसतं."

दुसरा साक्षीदार मला ठाऊक होता. नामाकाका. गडबचेच, बाबांचे जोडीदार. दोघांनी मिळून सायकलवरून पत्रकं वाटली, पोलिसांचा मार खाल्ला. लक्ष्मण पडला तेव्हा ते तिथेच उभे होते, माझ्याइतकेच जवळ. मी त्यांच्या घरी जाते म्हणाले तर बाबा म्हणाले, "कशाला? नामाला सांगावं लागत नाय. संघटनेचा माणूस हाय तो. आपली माणसं खोटं बोलत नाय."

चौकशी कारखान्याच्या मीटिंग हॉलमध्ये झाली. लक्ष्मण धुतलेला शर्ट घालून आला होता. सरकारी साहेबांचा पहिला प्रश्न, "त्या दिवशी घेतली होती का?"

"नाय, साह्येब."

"थोडी?"

"नाय."

"मग कामावरून पळून का गेलास?"

लक्ष्मण बोलायला लागला. टाकीत उतरल्यावर डोळे चुरचुरले, मग पाय जड झाले, मग काही कळलं नाही. नीट सांगत होता. साहेब मान हलवत होते, पण नजर दाराकडे, पुढचा साक्षीदार कोण याकडे. मी माझं सांगितलं. मग नामाकाका आले. टोपी काढून हातात धरली.

"वॉचमन, हा माणूस टाकीत पडला तेव्हा तुम्ही होतात?"

"व्हतो."

"कशाने पडला?"

नामाकाकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "वास येत व्हता दारूचा," ते म्हणाले. "कातकरीच तो, साहेब. ठावंच हाय."

हॉलमध्ये कोणाला धक्का बसला नाही. माझ्याशिवाय. जनी मागे उभी होती, तिने फक्त पदर तोंडाला लावला. दुसऱ्या दिवशी मला कळलं की नामाकाकांच्या मुलाला त्याच कारखान्यात कायम करायची बोलणी चालली होती. बापाचा जीव कुठे अडकला होता ते मला समजतं. पण ते खोटं त्यांना नवीन रचावं लागलं नाही, याचा मला जास्त राग आहे. सगळ्या गावांनी मिळून ते आधीच रचून ठेवलं होतं. नामाकाकांनी फक्त उचललं, आणि ते लक्ष्मणच्या अंगावर बरोबर बसलं.

आणि बाबांचं वाक्य? 'आपली माणसं खोटं बोलत नाहीत.' ते तरी कुठे वेगळं होतं? ते ऐकून मी नामाकाकांना भेटायला गेलेच नाही. गेले असते तर त्यांच्या मुलाचं कळलं असतं, कदाचित बोलता आलं असतं. माझ्या घरच्या बरणीवरही चिठ्ठी होती. मोठ्या अक्षरांत, उद्गारचिन्हासकट.

टाकीची हवाही तपासली गेली. इतक्या दिवसांत झाकण उघडं ठेवून पंखे लावून झाले होते. यंत्राने काहीच दाखवलं नाही. निकाल लागला, कामगाराचा निष्काळजीपणा. टाकीवर बंदी आली नाही. मी राजीनामा दिला. शेठ म्हणाला, "शिकलेल्या मुली असल्याच, टिकत नाहीत." या वेळी मी अपवाद नव्हते.

बाबा आता नामाकाकांशी बोलत नाहीत. मी बोलते. रस्त्यात दिसले की थांबते. ते खाली बघून विचारतात, "बरी हायस ना गो बाय?" मी म्हणते, "लक्ष्मणला विचारा, काका, तो बरा आहे का." ते निघून जातात.

रामप्रवेशच्या भावाला मी अधूनमधून फोन करते. मागच्या वेळी तो म्हणाला, "गांव में सब बोलते हैं, महाराष्ट्र जाके कामचोर हो गया."

शेठकडे आता झारखंडची माणसं आहेत. "शांत असतात," तो सगळ्यांना सांगतो. पुढच्या शटडाउनला त्यांच्यातलाच कोणीतरी शांत माणूस त्या टाकीत उतरेल. त्याचं नाव मला ठाऊक नाही, शेठलाही नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. मला कौतुकाची पत्रं पाठवू नका. तुमच्या कारखान्यातून, शेतावरून, दुकानातून, स्वयंपाकघरातून कोणीतरी न सांगता गेलेलं असेल. असणारच. येत्या रविवारी त्या माणसाचं घर शोधा, दारात उभे राहा आणि विचारा, "का गेलात?" मग गप्प राहा आणि पूर्ण ऐकून घ्या. आणि तो जे सांगेल ते, तुम्ही त्याच्या जागी ज्याला पाठवलं आहे त्याला, तो कामाला लागण्याआधी जाऊन सांगा.